बी तीन महिन्यांची, हप्ता बारा महिन्यांचा

कोकणात काजूची बी साधारण फेब्रुवारीच्या शेवटी पडायला लागते आणि मे संपता संपता हंगाम आटोपतो. पावसात भिजलेली बी काळी पडते, गर डागाळतो, भाव उतरतो. म्हणजे काजू फोडायचा छोटा कारखाना वर्षभर चालवायचा असेल तर बारा महिन्यांची बी तीन महिन्यांत विकत घेऊन, उन्हात चांगली वाळवून, गोणी भरून कोरड्या जागी थप्पी लावून ठेवावी लागते. सावंतवाडी-कुडाळकडच्या कुठल्याही बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. बँकेच्या मंजुरीपत्राला मात्र ते सांगावं लागतं. आणि ते सांगायचं काम ज्या कचेरीचं आहे, तिला सरकारी भाषेत जिल्हा उद्योग केंद्र आणि बोलण्यात डीआयसी म्हणतात.

एक हिशेब मांडून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. रोज 100 किलो बी फोडणारा कारखाना, वर्षाला 300 दिवस काम. म्हणजे 30 टन बी लागणार. बीचा भाव किलोला 120 रुपये धरला तर हंगामात 36 लाख रुपये नुसत्या गोण्यांत अडकणार. कारखाना टाकणारी बाई ग्रामीण भागातली आहे, तिने पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, म्हणजे पीएमईजीपीतून, 20 लाखांचं प्रकरण केलं. शेड, बॉयलर, कटर, ड्रायर, साल काढायचं यंत्र, वजनकाटा, पॅकिंग मिळून 14 लाख आणि खेळतं भांडवल 6 लाख. या 6 लाखांत 5 टन बी येते. पाच टन म्हणजे पन्नास दिवसांचं काम. जूनच्या सुरुवातीला यंत्र सुरू केलं तर श्रावण संपायच्या आत गोदाम रिकामं. पुढे व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने बी घ्यायची, नाहीतर यंत्रावर गोणपाट टाकायचं. हप्ता मात्र बाराही महिने.

योजनेचा नियम असा की प्रकल्पखर्चात यंत्रसामग्री आणि खेळत्या भांडवलाचं एक चक्र धरता येतं. जमिनीची किंमत धरता येत नाही. आता ‘एक चक्र’ म्हणजे किती? पापडाच्या धंद्यात डाळ आणली, पापड लाटले, दुकानात दिले, पैसे आले, की महिना-दीड महिन्यात चक्र पुरं होतं. काजूत ते जवळजवळ वर्षाचं आहे. छापील प्रकल्प अहवालात सगळ्यांना एकच मापाचं चक्र लावलेलं असतं, कारण तो अहवाल अनेकदा यंत्र विकणाऱ्यानेच कोटेशनबरोबर फुकट दिलेला असतो. त्याला यंत्र खपवायचं आहे. बी कुठून येणार हा त्याचा प्रश्न नाही.

याच जागी जाणत्या माणसाचा सल्ला कामाला येतो. केंद्रातला उद्योग निरीक्षक किंवा व्यवस्थापक धंदा समजणारा असेल तर तो चार गोष्टी विचारतो. बँक हंगामापुरती वाढीव कॅश क्रेडिट मर्यादा देईल का, म्हणजे एप्रिल-मेमध्ये मर्यादा मोठी आणि पुढे उतरत जाणारी? घरची बाग असेल तर घरची बी बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवता येते, हे माहीत आहे का? ती योजना शेतकऱ्यासाठी आहे, कारखानदारासाठी नाही, पण कोकणात एकाच घरात दोघेही असतात. हंगाम सरल्यावर दुसऱ्याची बी मजुरीवर फोडून देता येईल का? आणि शेवटचा प्रश्न, जो कोणाला ऐकायला आवडत नाही: एवढं मोठं यंत्र हवंच कशाला?

त्याला मालाचंही ठाऊक असावं लागतं. शंभर किलो बीतून पंचवीस-तीस किलो गर निघतो. जात कुठली, बी किती भरलेली, यावर ते ठरतं. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती गराच्या उताऱ्यात चांगल्या. पण निघालेल्या गरात अख्खा किती, पाकळी किती आणि तुकडा किती, यावर सगळा नफा. अख्ख्या गराची प्रतवारी एका पौंडात किती गर बसतात त्यावर होते, म्हणून डब्ल्यू-180 हा डब्ल्यू-320 पेक्षा मोठा आणि महाग. कटरचं पातं नीट लावलं नाही, बी वाफवण्यात कमी-जास्त झालं, की अख्ख्याची पाकळी होते आणि भाव कोसळतो. टरफलातलं तेल हात जाळतं, त्यामुळे फोडणाऱ्या बायकांना हातमोजे आणि मजुरी दोन्ही नीट द्यावं लागतं, नाहीतर दुसऱ्या हंगामाला त्या येत नाहीत. हे प्रकल्प अहवालाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

असा सल्ला देणारी कचेरी सरकारने काढावी ही कल्पना तशी जुनी आहे. 1953-54 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने परदेशी तज्ज्ञांचं एक पथक देशभरातले छोटे कारखाने पाहून गेलं. त्यांच्या शिफारशींतून देशाच्या चार भागांत लघुउद्योग सेवा संस्था उभ्या राहिल्या, मुंबईतली साकीनाक्याला. 1954 मध्ये त्यांच्या डोक्यावर केंद्रीय संघटना आली आणि 1955 मध्ये हप्त्याने यंत्रं मिळवून देणारं राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ. सुरुवातीच्या त्या संस्थांचा थाट कारखान्यासारखा होता. त्यांच्याकडे वर्कशॉप, चाचणी प्रयोगशाळा आणि अवजारं भरलेल्या फिरत्या गाड्या होत्या. कास्टिंगला छिद्रं पडतात, रंग टिकत नाही, डाय लवकर झिजते, असले प्रश्न घेऊन लोक तिथे जात. कर्ज तिथे मिळत नसे, त्यामुळे कर्जासाठी कोणी जात नसे.

अडचण अंतराची होती. साकीनाका मुंबईच्या कारखानदाराला जवळ. परभणीच्या किंवा चंद्रपूरच्या माणसाला ती वाट परवडण्यासारखी नव्हती. 23 डिसेंबर 1977 ला जनता सरकारने औद्योगिक धोरण जाहीर केलं, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस. मुंबईच्या गोदी आणि म्युनिसिपल कामगारांत वाढलेल्या या पुढाऱ्याच्या धोरणात भर होता तो छोट्या गावातल्या छोट्या कारखान्यावर. यंत्रांत 1 लाखापर्यंत गुंतवणूक आणि पन्नास हजारांहून कमी वस्तीचं गाव, अशा ‘अतिलघु’ उद्योगांचा वेगळा वर्ग त्यात केला. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी 180 वरून 504 वर नेली. आणि लघुउद्योगाच्या वाढीचं केंद्र राजधान्यांतून काढून जिल्ह्याच्या गावी न्यायचं ठरवलं. 1 मे 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रांचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे तो दिवस झेंडावंदनाचा, त्यामुळे तारीख लक्षात राहते.

त्या केंद्राचा मूळ आराखडा आज वाचला तर थोडं नवल वाटतं. वर एक महाव्यवस्थापक, हाताखाली सात व्यवस्थापक. जिल्ह्याची आर्थिक पाहणी करणारा एक, यंत्रसामग्रीचा एक, संशोधन आणि प्रशिक्षणाचा एक, कच्च्या मालाचा एक, कर्जाचा एक, विक्रीचा एक, कुटीरोद्योगांचा एक. म्हणजे सातांपैकी फक्त एकाकडे कर्ज होतं. बाकी सहा जण धंद्याच्या निरनिराळ्या अंगांचा सल्ला देणार होते.

प्रत्यक्षात त्या सहांतला वजनदार माणूस कच्च्या मालाचा निघाला, कारण तो काळ परमिटचा होता. लोखंडी पत्रा, कोळसा, पॅराफिन मेण कोट्याने मिळायचं. मेणबत्तीवाल्याला मेण हवं तर केंद्राची शिफारस लागायची. साहजिकच केंद्राच्या दारात गर्दी असे, पण ती शिक्क्यासाठी. ज्याच्याकडे शिक्का असतो त्याच्याकडून कोणी शहाणपण मागत नाही, आणि त्यालाही ते देण्याची गरज वाटत नाही. सात व्यवस्थापकांची रचना पुढे आवळली गेली, काही जागा रिकाम्या राहिल्या. 1991 नंतर परमिटं गेली, पुढे राखीव वस्तूंची यादीही टप्प्याटप्प्याने संपली. शिक्क्याचा जोर ओसरला, तोवर दुसरी गर्दी दारात उभी होती. 1993 मध्ये सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना आली. 2008 मध्ये ती आणि खादी आयोगाची ग्रामीण योजना एकत्र करून पीएमईजीपी झाली. 2019 मध्ये महाराष्ट्राने तशाच धर्तीवर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम काढला. प्रत्येक योजनेचं जिल्ह्याला लक्ष्य ठरलेलं. इतकी प्रकरणं पाठवली, इतकी मंजूर, इतक्यांना अनुदान. दर महिन्याला तक्ता वर जातो.

या अनुदानाबद्दल लोकांचा जो समज असतो तो एकदा निस्तरलेला बरा. वरच्या उदाहरणातल्या बाईला ग्रामीण भाग आणि महिला म्हणून 35 टक्के, म्हणजे 20 लाखांवर 7 लाख अनुदान बसतं. तिने स्वतःचे 5 टक्के, 1 लाख, घालायचे. हे 7 लाख तिच्या हातात कधीच येत नाहीत. ते बँकेत तिच्या नावाने तीन वर्षं मुदत ठेवीसारखे राहतात. त्यांवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्याच कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी कारखाना जागेवर आहे, चालतो आहे, अशी पडताळणी झाली की ते कर्जात वळते होतात. शिवाय खेळत्या भांडवलाची मर्यादा या तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली असावी लागते आणि वापर पाऊणपटीखाली राहू नये अशी अट आहे. हे सगळं शेवटच्या कागदावर बारीक छापलेलं असतं. ‘सात लाख माफ’ एवढंच ऐकून आलेला माणूस पहिल्या वर्षी त्यांच्या भरवशावर घराचा स्लॅब टाकायला निघतो, आणि त्याला वेळेत थांबवणं हाही सल्ल्याचाच भाग आहे.

आता मघाच्या शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. समजा निरीक्षकाने बाईला सांगितलं, ‘ताई, रोज चाळीस किलोचं यंत्र घ्या. आठ लाखांत बसेल. वर्षभर पुरेल एवढी बी घरची आणि शेजारच्या दोन बागांची मिळेल. दोन हंगाम बघा, मग वाढवा.’ सल्ला चोख आहे. पण या सल्ल्याने प्रकल्पखर्च 20 लाखांवरून निम्म्यावर येतो, अनुदान त्याच प्रमाणात उतरतं आणि महिन्याच्या तक्त्यातली रक्कम घटते. ‘यंदा नकोच, आधी हंगामभर कोणाकडे तरी काम करून बघा’ असं सांगितलं तर तक्त्यात काहीच दिसत नाही. प्रकरण नाही, म्हणजे काम नाही. माझ्या मते या केंद्रांच्या सल्ल्याला लागलेलं खरं दुखणं हेच आहे. माणसं वाईट आहेत किंवा अडाणी आहेत अशातला भाग नाही. कित्येक उद्योग निरीक्षकांना आपल्या तालुक्यातले धंदे तळहातासारखे माहीत असतात. पण सल्ल्यामुळे वाचलेला पैसा मोजायचा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही.

हे नव्या योजनांतही सुटलेलं नाही, जरी तिथे सल्ल्याला किंमत लावायचा प्रामाणिक प्रयत्न झाला आहे. 2020 मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारची योजना आली; महाराष्ट्रात ती कृषी विभाग राबवतो. अनुदान 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख. तिच्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नावाचा माणूस आहे. तो उद्योजकाच्या घरी जातो, अहवाल बनवतो, बँकेत फेऱ्या मारतो. त्याला पगार नाही, दर प्रकरणामागे 20 हजार रुपये मानधन आहे. निम्मं कर्ज मंजूर झाल्यावर, उरलेलं नोंदण्या, अन्नसुरक्षेची पूर्तता, उभारणी आणि प्रशिक्षण झाल्यावर. दुसरा हप्ता पुढच्या कामाला बांधला ही चांगली सुधारणा. तरी कर्ज मंजूर झालं नाही तर त्या माणसाला छदाम मिळत नाही. ‘कर्ज घेऊ नका’ हे वाक्य त्याने स्वतःच्या खिशातून पैसे भरून म्हणायचं.

अमेरिकेत हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला गेला. तिथली लघुउद्योग विकास केंद्रं 1976 च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या विद्यापीठातून सुरू झाली, 1980 मध्ये कायद्याने पक्की झाली. ती बहुतेक विद्यापीठांच्या आवारात असतात, खर्च केंद्र सरकार आणि स्थानिक संस्था वाटून घेतात. सल्लागार फुकट आणि गुप्तता राखून सल्ला देतो. कर्ज देणं त्याच्या हातात नसतं. साकीनाक्याच्या जुन्या संस्थेशी हे बरंच जुळतं. आपण तशी सुरुवात करून मग दुसरीकडे वळलो.

प्रशिक्षणाच्या अंगाने मात्र आपल्याकडे एक धागा टिकला, आणि त्याचं मूळ आंध्रात आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकक्लेलंड यांनी 1964 मध्ये हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांचे वर्ग घेतले. हिशेब किंवा यंत्रज्ञान शिकवायचं नव्हतं. माणसाने स्वतःसाठी पेलेल इतकं अवघड उद्दिष्ट ठरवावं, जोखीम मोजावी, निकाल स्वतःहून तपासावा, याचे खेळ आणि सराव होते. पुढची काही वर्षं त्यांनी या लोकांच्या धंद्यांचा माग ठेवला आणि वर्गाला न आलेल्यांशी तुलना केली. वर्गाला आलेले जास्त हातपाय हलवताना दिसले. जात किंवा जुन्या रीतिरिवाजांमुळे त्यांची धडपड अडली नाही, हाही त्यांचा निष्कर्ष होता. गुजरातने 1970 मध्ये उद्योजकता प्रशिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले; महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र 1988 मध्ये औरंगाबादला निघालं. आज ‘ईडीपी केलं का?’ असं बँकेत विचारतात तो हाच वर्ग. तो प्रमाणपत्रापुरता करणाऱ्यांची संख्या मोठी आहे हे खरंच. पण यंत्र घेण्याआधी तो मनापासून केला तर तिथेच बॅचमधले चार जण आपल्या हिशेबातली भोकं दाखवतात, आणि ते फार उपयोगी पडतं.

कर्जाच्या प्रकरणांत बुडालेल्या या कचेरीचा दुसरा एक उपयोग आहे, त्याची जाहिरात कमी होते. कारखाना उभा राहिल्यावर रोजच्या अडचणी सुरू होतात. एमआयडीसीतला रस्ता उखडलेला, वीज दर मंगळवारी जाते, ग्रामपंचायत आणि महामंडळ दोघंही कर मागतात. यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते. उद्योजकांच्या बोलण्यात ‘झूम’. नाशिक-संभाजीनगरकडे ‘हा विषय झूममध्ये घ्या’ असं सर्रास म्हणतात, आणि करोनानंतर त्यात नवा घोळ झाला, कारण ती बैठकही कधी कधी झूमवर व्हायची. समितीचा सचिव केंद्राचा महाव्यवस्थापक. महावितरण, प्रदूषण मंडळ, पालिका सगळे एका टेबलाशी असतात, आणि इतिवृत्तात नाव चढलं की पुढच्या बैठकीला उत्तर द्यावं लागतं. एकट्या कारखानदाराच्या अर्जाला जे वजन नसतं ते इतिवृत्तातल्या ओळीला असतं.

थकलेल्या पैशांचं प्रकरण याहून मोठं. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारा छोटा कारखानदार माल देतो, बिल लावतो आणि मग सहा महिने फोन करत बसतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने याला मर्यादा घातली. लेखी करार असेल तर कराराची मुदत, पण जास्तीत जास्त 45 दिवस. करार नसेल तर 15 दिवस. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. बँक दर सहा टक्के धरला तर अठरा टक्के. पैसे मिळाले नाहीत तर राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दावा करता येतो. आधी तडजोड, ती फिसकटली तर लवाद. निवाड्याला न्यायालयात आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. कायद्याचा खरा चावा इथे आहे.

हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच आहे. मध्यम उद्योगाला नाही, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यालाही नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. माल दिल्यानंतर केलेली नोंदणी चालते की नाही यावर न्यायालयांत पुष्कळ खल झाला आहे, त्यामुळे पहिलं बिल फाडण्याआधी ती करून टाकणं शहाणपणाचं. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते. आधार, पॅन एवढ्यावर भागतं, कागद चढवावे लागत नाहीत. तरीही हुबेहूब दिसणाऱ्या खासगी स्थळांवर लोक दीड-दोन हजार मोजून येतात. जिल्ह्याच्या केंद्रात गेलं तर समोरच्या संगणकावर बसून करून मिळते, एवढ्यासाठी तरी तिथली पायरी चढावी.

1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकराच्या नियमानेही जोर लावला. या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजावट म्हणून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मार्च आला की मोठ्या कंपन्यांचे लेखा विभाग आता स्वतःहून छोट्या पुरवठादारांच्या याद्या काढतात. काहींनी उलटी वाटही शोधली. नोंदणीकृत लघुउद्योगाऐवजी व्यापाऱ्याकडून माल घ्यायचा, नाहीतर पुरवठादाराला नोंदणी रद्द करायला सुचवायचं.

आणि दावा करणारे तरी कितीसे? एकाच कंपनीवर ज्याचा ऐंशी टक्के धंदा उभा आहे तो तिच्यावर दावा लावून उद्या काय करणार? अशा वेळी परिषदेकडे जाण्याआधी केंद्राच्या लेटरहेडवर, कायद्याच्या कलमांचा उल्लेख असलेलं साधं पत्र कंपनीच्या खरेदी विभागाला गेलं तर ते पुरवठादाराच्या तोंडून आलेलं राहत नाही. काही महाव्यवस्थापक ते हौसेने लिहितात, काही ‘आमच्या कक्षेत येत नाही’ म्हणतात. लिहिलंच पाहिजे असा नियम नाही, आणि लिहू नये असाही नाही. आपल्या जिल्ह्यात सध्या कोणत्या स्वभावाचा माणूस बसला आहे हे औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर विचारलं की कळतं.